परिचारिकेची चूक आणि घरचा न्याय

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं घडलेला प्रसंग प्रथम सांगतों. घर मोठें, तीन पिढ्या एकत्र नांदणारें. घरांतील आजी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, मांडीचें हाड मोडलें, आणि शस्त्रक्रियेसाठीं त्यांस शहरांतील एका रुग्णालयांत ठेवावें लागलें. शस्त्रक्रिया निर्विघ्नपणें पार पडली. तिसऱ्या रात्रीं पाळीवरील तरुण परिचारिकेनें त्यांस एक गोळी दिली, आणि थोड्याच वेळानें तीच मुलगी घाबऱ्या चेहऱ्यानें परत येऊन खाटेपाशीं उभी राहिली. "आजी, मघाची गोळी तुमची नव्हती. पलीकडच्या खाटेवर दुसऱ्या जोशीबाई आहेत, त्यांची रक्तदाबाची गोळी होती ती. चूक माझी झाली. डॉक्टरांना मी कळवलं आहे, ते आत्ता येतील," असें तिनें सांगितलें.

डॉक्टर आले. रात्रभर वरचेवर रक्तदाब मोजला गेला. सकाळीं आजी उठून चहा मागूं लागल्या, तेव्हां सर्वांचा जीव भांड्यांत पडला. अपाय कांहींच झाला नाहीं. परंतु रुग्णाचा ताप उतरला कीं घरचा चढतो, असा अनुभव आहे. वडील चिरंजीव वकिली करणारे. त्यांचें म्हणणें, "आज रक्तदाबाची गोळी होती, उद्या विष असेल. तक्रार करून ह्या मुलीचं नाव परिचारिकांच्या नोंदपुस्तकातून काढायला लावलं पाहिजे." धाकट्या सूनबाई महाविद्यालयांत शिकवितात. त्या एरवीं थोरल्या दिरांसमोर फारशा बोलत नाहींत. पण त्या दिवशीं बोलल्या. "पण दादा, तिनं सांगितलं नसतं तर आपल्याला कळलंच नसतं. जी खरं बोलली तिलाच शिक्षा करायची, तर उद्या दुसरी कोण बोलेल?"

आम्ही समाचारास गेलों होतों. दोघांनींही आमच्याकडे पाहिलें. प्रसंग नाजूक, आणि दोन्ही बाजूंस तथ्य आहे असें वाटत असल्यामुळें आम्हीं "विचार करून लिहूं" असें म्हणून सुटका करून घेतली. तें वचन आज पाळीत आहों.

हा प्रश्न कांहीं त्या एका घरापुरता नाहीं. कोणी ना कोणी माणूस रुग्णालयांत राहून परिचारिकेच्या हातून औषध घेऊन आलें नाहीं, असें घर आतां विरळाच. अंथरुणास खिळलेल्या वडील माणसांसाठीं घरीं परिचारिका ठेवण्याची चाल वाढत आहे. आणि आमच्या कित्येक वाचकांच्या लेकीसुना स्वतःच ह्या व्यवसायांत आहेत. तेव्हां ह्या न्यायांत आपण कधीं फिर्यादी असूं, तर कधीं आरोपीच्या घरचे. दोन्ही जागीं बसून विचार केला पाहिजे.

प्रथम शिक्षेचा अधिकार कोणाचा, तें पाहूं. परिचर्या हा आपल्याकडे नोंदणीचा व्यवसाय आहे. १९४७ च्या कायद्यानें भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वांत आली. आपल्या राज्यासाठीं महाराष्ट्र परिचारिका अधिनियम १९६६ सालीं झाला, आणि त्याखालीं राज्याच्या परिषदेनें परिचारिकांची नोंद ठेवावी, व गैरवर्तन सिद्ध झाल्यास चौकशीअंतीं नोंदपुस्तकांतून नांव काढावें, अशी व्यवस्था झाली. २०२३ सालीं संसदेनें राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा नवा कायदा केला; त्यांत आचारनीति व नोंदणी यांसाठीं स्वतंत्र मंडळाची योजना आहे.

म्हणजे एका चुकीला चार दरवाजे आहेत. पहिला रुग्णालयाचा: तें समज देईल, निलंबित करील, कामावरून काढील. दुसरा परिषदेचा: ती व्यवसायाचा परवानाच काढून घेईल. तिसरा ग्राहक आयोगाचा: तेथें नुकसानभरपाई मागतां येते. चवथा फौजदारी न्यायालयाचा: तेथें तुरुंगवासाची शिक्षा आहे. ह्या प्रत्येकाचें प्रयोजन निराळें आहे. परिषदेचें काम सूड घेण्याचें नव्हे. उद्यां येणाऱ्या रुग्णाचें रक्षण करण्याचें आहे. भरपाईचें काम ज्याचें नुकसान झालें त्यास हात देण्याचें आहे. फौजदारी शिक्षा दुष्ट किंवा बेछूट कृत्यासाठीं आहे. संतापाच्या भरांत आपण हा भेद विसरतों, आणि चारही दरवाजे एकाच माणसाविरुद्ध एकदम ठोठावतों.

हे दरवाजे कोणासाठीं उघडतात आणि कोणासाठीं बंद राहतात, ह्याचें बोलकें उदाहरण अमेरिकेंतील टेनेसी राज्यांत घडलें. नॅशव्हिल शहरीं व्हँडरबिल्ट विद्यापीठाचें मोठें व नांवाजलेलें रुग्णालय आहे. २०१७ सालच्या डिसेंबरच्या २६ तारखेस तेथें एका ७५ वर्षांच्या बाईंस तपासणीसाठीं नेण्यांत आलें. त्यांच्या मेंदूंत रक्तस्राव झाला होता, पण प्रकृति सुधारत होती. तपासणीच्या यंत्रांत बराच वेळ निश्चल पडून राहावें लागतें, त्याची त्यांस धास्ती वाटूं लागली, म्हणून डॉक्टरांनीं मन शांत करणारें वर्सेड नांवाचें औषध लिहून दिलें.

तें आणण्यास एक परिचारिका गेली. तिच्याबरोबर नवी शिकाऊ परिचारिका होती, आणि तिच्याशीं बोलणें चालू होतें. औषधांचें कपाट यंत्रचलित होतें. पडद्यावर नांवाचीं अक्षरें टिपलीं म्हणजे त्याचा खण उघडावयाचा. तिनें औषधाच्या व्यापारी नांवाचीं पहिलीं दोन अक्षरें टिपलीं, तें औषध दिसेना. दिसेना ह्याचें कारण, कपाटांत त्याची नोंद मिडाझोलॅम ह्या मूळ नांवानें होती. तेव्हां तिनें नेहमीचा निर्बंध ओलांडण्याची सोय वापरली, पुन्हां तींच दोन अक्षरें टिपलीं, आणि जें पहिलें नांव वर आलें तें घेतलें. तें होतें व्हेक्युरोनियम. हें औषध शस्त्रक्रियेच्या वेळीं स्नायु ढिले करण्यासाठीं देतात. त्यानें श्वासाचे स्नायुही थांबतात. शुद्ध मात्र जात नाहीं. कृत्रिम श्वासोच्छ्वासाची सोय केल्यावांचून तें देणें म्हणजे प्राण घेणें होय. बाईंस तें टोचलें गेलें, परिचारिका दुसऱ्या कामास गेली, आणि कांहीं वेळानें बाई निश्चेष्ट आढळल्या. दुसऱ्या दिवशीं त्यांचा अंत झाला.

ह्या परिचारिकेचें नांव जगभर झालें आहे. येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. चूक लक्षांत येतांच तिनें ती कबूल केली, आणि पुढेंही कधीं नाकारली नाहीं. रुग्णालयानें काय केलें? २०१८ च्या जानेवारींत तिला कामावरून काढलें, मृत बाईंच्या कुटुंबाशीं आपसांत तडजोड केली, आणि अशा मृत्यूची जी खबर सरकारी अधिकाऱ्यांस देणें आवश्यक होतें ती दिली नाहीं. मृत्यूचें कारण मेंदूंतील रक्तस्राव, मृत्यु नैसर्गिक, असेंच प्रथम नोंदलें गेलें. राज्याच्या आरोग्य खात्याकडे परिचारिकेविषयीं माहिती पोहोंचली होती. २०१८ च्या ऑक्टोबरांत त्या खात्यानें कळविलें कीं तिच्यावर शिस्तीची कारवाई करण्याचें कारण नाहीं.

येथें प्रकरण मिटलें असतें. परंतु त्याच सुमारास कोणीं तरी निनांवी खबर मध्यवर्ती सरकारकडे धाडली. तपासनीस आले, अहवाल प्रसिद्ध झाला, वृत्तपत्रांत बोभाटा झाला. २०१९ च्या फेब्रुवारींत परिचारिकेवर फौजदारी खटला गुदरण्यांत आला. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत आरोग्य खात्यानें मिटलेलें प्रकरण पुन्हां उघडलें. आणि २०२१ च्या जुलैंत परिचर्या मंडळानें तिचा परवाना काढून घेतला. २०२२ च्या मार्चांत ती दोषी ठरली, आणि मे महिन्यांत न्यायाधीशांनीं तुरुंगाऐवजीं तीन वर्षें देखरेखीखालीं मोकळें राहण्याची शिक्षा दिली. रुग्णालयावर फौजदारी आरोप कोणताच ठेवला गेला नाहीं.

वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. जी चूक २०१८ सालीं शिस्तीच्या कारवाईसही पात्र नव्हती, तीच २०२१ सालीं परवाना हिरावून घेण्याइतकी गंभीर ठरली. मधल्या काळांत चूक कांहीं वाढली नव्हती. वाढली होती ती बोलवा. शिस्त ही चुकीच्या स्वरूपावरून न ठरतां लोकांच्या ओरडीवरून ठरूं लागली, तर तिला शिस्त म्हणावें कीं दुसरें कांहीं?

आतां दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणें मांडली पाहिजे. त्या परिचारिकेचा दोष लहान नव्हता. वर्सेड हें पातळ औषध. व्हेक्युरोनियम ही भुकटी, ती पाण्यांत कालवून द्यावी लागते. हा फरक हातांत घेतांच खटकावयास हवा होता. बाटलीच्या झांकणावर स्नायु लुळे पाडणाऱ्या औषधाचा इशारा ठळक छापलेला होता. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, हे पांच नियम परिचारिकेस पहिल्या वर्षीं शिकवितात. त्यांतील दुसराच येथें मोडला. औषध दिल्यावर रुग्णाजवळ थांबून लक्ष ठेवण्याचें कर्तव्यही झालें नाहीं. हें सर्व घडूनही तिला कांहींच बोलूं नये असें म्हणणें म्हणजे दयेच्या नांवाखालीं पुढच्या रुग्णाचा विश्वासघात करणें होय.

पण मग हाही प्रश्न विचारला पाहिजे कीं, एवढें भयंकर औषध दोन अक्षरांवर उघडणाऱ्या खणांत कोणीं ठेवलें? डॉक्टरांनीं एका नांवानें लिहावें आणि कपाटानें दुसऱ्या नांवानें ओळखावें, ही व्यवस्था कोणाची? निर्बंध ओलांडण्याची सोय त्या काळीं तेथें रोजच्या वापरांतली झाली होती, असें साक्षींत निघालें. औषधाच्या वेष्टनावरील खूण यंत्रानें तपासून पाहण्याची जी सोय इतर दालनांत होती, ती तपासणीच्या जागीं नव्हती. ह्यांतील एकही गोष्ट परवाना काढल्यानें सुधारत नाहीं. औषधांच्या सुरक्षिततेसाठीं झटणाऱ्या तिकडील संस्थेनें पुढें सुचविलें कीं अशा कपाटांत किमान पांच अक्षरें टिपल्यावांचून नांव दिसूं नये. केवढी साधी तोड! खटल्यास जीं तीनेक वर्षें लागलीं, त्यांतील एका दुपारींही ही तोड कोणा शहाण्यास सुचली असती.

त्या कुटुंबाची गोष्टही सांगण्यासारखी आहे. शिक्षेच्या दिवशीं मृत बाईंच्या मुलानें न्यायालयांत सांगितलें कीं, आई क्षमाशील होती, ह्या मुलीनें तुरुंगांत जावें असें तिला वाटलें नसतें. आणि त्याच बाईंच्या वृद्ध पतीची इच्छा मात्र तुरुंगवासाचीच होती. एकाच घरांतील हीं दोन मतें. दोघांपैकीं कोणास चूक म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. अर्धे आयुष्य जिच्या सोबतीनें काढलें ती अशी गेली, त्या म्हाताऱ्या माणसास कोणत्या तोंडानें उपदेश करावा? दुःखास न्यायाधीश नेमूं नये, एवढेंच ह्यावरून शिकावयाचें.

तिकडे ह्या प्रकरणानें लोकमत हललें. शेजारच्या केंटकी राज्यानें २०२४ सालीं असा कायदा केला कीं, केवळ चुकीसाठीं आरोग्यसेवकावर फौजदारी खटला होऊं नये. घोर बेपर्वाई किंवा हेतुपुरस्सर कृत्य असल्यास मात्र ही सवलत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळूं. आपल्याकडे २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें जेकब मॅथ्यू यांच्या प्रकरणांत स्पष्ट केलें कीं, वैद्यकीय व्यवसायांतील साधी चूक म्हणजे गुन्हा नव्हे. गुन्ह्यासाठीं हयगय घोर स्वरूपाची असावी लागते, आणि तज्ज्ञाचें निष्पक्ष मत घेतल्यावांचून डॉक्टरांवर कारवाई पुढें नेऊं नये. हा निर्णय शहाणपणाचा होता. परंतु १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली, आणि तिच्या १०६ व्या कलमांत एक भेद शिरला. हयगयीनें मृत्यु ओढवल्यास पूर्वीं सर्वांस जास्तींत जास्त दोन वर्षांची कैद होती. आतां ती पांच वर्षांपर्यंत वाढली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीस मात्र दोनच वर्षांची मर्यादा ठेवली. हा व्यवसायी कोण, ह्याची व्याख्याही तेथेंच दिली आहे: ज्याचें नांव वैद्यकीय नोंदपुस्तकांत आहे, तो. परिचारिकेचें नांव त्या पुस्तकांत नसतें. तिचें पुस्तक निराळें. म्हणजे कायद्याचीं अक्षरें जशीं आहेत तशीं वाचलीं तर, एकाच खाटेपाशीं, एकाच रुग्णाच्या बाबतींत, औषध लिहिणाऱ्यास दोन वर्षें आणि तें देणाऱ्या हातास पांच! रात्रपाळीस जी एकटी तीस-चाळीस खाटा सांभाळते, तिच्यावर हा भार अधिक कां, ह्याचें समाधानकारक उत्तर आम्हांस सांपडलेलें नाहीं. आमच्या वाचकांत वकील पुष्कळ आहेत. त्यांनीं ह्या गोष्टीकडे अवश्य लक्ष द्यावें.

जो सर्वांत जवळ उभा असतो, त्याच्यापर्यंत कायद्याचा हात सर्वांत आधीं पोहोंचतो. ६ नोव्हेंबर २०२१ रोजीं तेव्हांच्या अहमदनगर, आतांच्या अहिल्यानगर, येथील जिल्हा रुग्णालयांत आग लागली, आणि करोनाचे अकरा रुग्ण त्याच दिवशीं दगावले. ही कांहीं औषधाची चूक नव्हती, आगीचा अनर्थ होता. तरीही त्यानंतर ज्यांस अटक झाली त्यांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. दोषादोषाचा निवाडा करणें आमचें काम नव्हे. पण विजेच्या तारा आणि आग विझविण्याची व्यवस्था हीं कांहीं परिचारिकेच्या हातांतलीं कामें नव्हत, एवढें सामान्य माणसासही समजतें.

मग शिस्त कशी असावी? आमच्या वाचकभगिनींस स्वयंपाकघराचा दाखला पटेल. मोठ्या घरांत नवी सून दुधाचें पातेलें झांकण्यास विसरली, आणि त्यांत पाल पडली. सासूबाई तोंडाळ असल्या तर ती पोर काय करील? पाल काढून टाकील, दूध तसेंच ठेवील, आणि तें सर्व घर पिईल. सासूबाई समजूतदार असल्या तर ती धांवत येऊन सांगेल. दूध ओतून दिलें जाईल, आणि दुसऱ्या दिवशीं पातेल्यावर घट्ट बसणारें झांकण येईल. रुग्णालय म्हणजे असेंच एक मोठें स्वयंपाकघर आहे. तेथील चूक सांगणाऱ्यास जेवढी भीति अधिक, तेवढें विष रुग्णाच्या पोटांत अधिक. आमच्या स्नेह्यांच्या सूनबाई जें म्हणाल्या, त्याचें सार हेंच.

तथापि समजूतदार सासू म्हणजे कांहींही चालवून घेणारी सासू नव्हे. चुकांचे तीन प्रकार ओळखले पाहिजेत. पहिली, निव्वळ चूक: माणूस सावध असूनही, थकव्यानें, गर्दीनें, नामसादृश्यानें घडते. अशा परिचारिकेस धीर द्यावा, पुन्हां शिकवावें, कांहीं काळ अनुभवी बाईंच्या देखरेखीखालीं ठेवावें. आणि चूक ज्या फटींतून शिरली ती फट बुजवावी. दुसरी, वाईट संवय: नियम ठाऊक असून रोजच्या घाईंत तो टाळण्याची खोड जडते. येथें ताकीद हवी, प्रसंगीं निलंबनही हवें. पण त्याबरोबर हेंही विचारावें कीं वरिष्ठांनीं ह्या खोडीकडे आजवर डोळेझांक कां केली. तिसरी, बेपर्वाई व लपवाछपवी: धोका दिसत असून न जुमानणें, नोंदी बदलणें, खोटें लिहिणें, नशेंत कामावर येणें. येथें दया नको. अशा बाईचें नांव नोंदपुस्तकांतून गेलेंच पाहिजे, आणि तिनें लपविलेल्या गोष्टीस ज्या वरिष्ठांनीं हातभार लावला त्यांचेंही.

पहिला प्रकार कोणता आणि दुसरा-तिसरा कोणता, हें ओळखण्यास एक सोपी कसोटी आहे. त्या परिचारिकेच्या जागीं, त्याच रात्रीं, तितक्याच कामाखालीं, तेवढीच शिकलेली दुसरी चांगली परिचारिका उभी असती, तर तिच्या हातून हें घडलें असतें काय? उत्तर "होय, घडूं शकलें असतें" असें आलें, तर शिक्षेपेक्षां सुधारणेची गरज अधिक समजावी. "नाहीं" असें आलें, तर परिषदेनें कठोर व्हावें.

कोणी म्हणेल, ज्यांचें माणूस गेलें त्यांस ह्या भेदांशीं काय कर्तव्य? आक्षेप रास्त आहे. त्यांस सत्य कळलें पाहिजे, तेंही लगेच आणि कागदावर. आणि भरपाई मिळाली पाहिजे. १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखालीं आणली, आणि नोकराच्या चुकीबद्दल मालकानें भरून द्यावें हा नियम रुग्णालयांसही लागू आहे. म्हणजे कुटुंबास न्याय देण्यासाठीं परिचारिकेस तुरुंगांतच धाडलें पाहिजे, असें मुळींच नाहीं.

आणि आपण घरच्यांनीं काय करावें? रुग्णालयांत जातांना चालू औषधांची यादी, मात्रेसह, स्वच्छ अक्षरांत लिहून न्यावी. औषध देतांना परिचारिकेनें पुन्हां पुन्हां नांव विचारलें तर कंटाळूं नये. ती आपलें काम चोख करीत आहे असें समजावें. ती औषधें मोजीत असतां "सिस्टर, जरा पंखा लावा" असें म्हणून तिचें लक्ष मोडूं नये. घरीं परिचारिका ठेवतांना तिची नोंदणी आहे ना, तें पाहावें. केवळ स्वस्त मिळते म्हणून अर्धशिक्षित बाईच्या हातीं आईबापांचा जीव देऊं नये. तक्रार करण्याची वेळ आलीच, तर घडलें तें लिहावें. निकाल आपण लिहूं नये.

एके काळीं रमाबाई रानडे यांनीं पुण्याच्या सेवासदनामार्फत विधवा व गरजू स्त्रियांस परिचारिकेच्या शिक्षणास धाडलें, तेव्हां आपल्याच घरांतून नाकें मुरडलीं गेलीं होतीं. परक्यांची शुश्रूषा करणें हें कुलीन स्त्रीचें काम नव्हे, असें म्हणणाऱ्यांची त्या वेळीं वाण नव्हती. आज तीं नाकें सरळ झालीं आहेत. परंतु परिचारिकेस व्यवसायी न मानतां मोलकरीण मानण्याची वृत्ति अजून पुरती गेलेली नाहीं. ज्यास आपण व्यवसायी मानतों त्याची चौकशी होते; ज्यास नोकर मानतों त्यास हांकलून देतात. हा फरक आपल्या बोलण्यांतही दिसतो.

असो. हा मजकूर लिहीत असतां आम्ही पुन्हां एकदां आजींच्या दर्शनास गेलों. आतां त्या काठी टेकीत ओटीपर्यंत येतात. वडील चिरंजीवांचा तक्रारअर्ज अजून टेबलावरच होता. बोलतां बोलतां आम्हीं सहज विचारलें, "आजी, त्या रात्री त्या मुलीनं तुमचं नाव विचारलंच नव्हतं का?"

आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "विचारलं होतं हो. पूर्ण नाव सांगा म्हणाली. मी नुसतं 'जोशी' म्हटलं. पूर्ण नाव सांगायचं म्हणजे ह्यांचं नाव घ्यावं लागतं. साठ वर्षांत उखाण्याखेरीज कधी घेतलं नाही, आता त्या परक्या पोरीसमोर कसं घेऊ? ती दोनदा विचारायला लागली, तर मीच तिला म्हटलं, 'जोशी म्हटलं ना एकदा!' हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही सगळे इतके तापला होता की माझी छाती झाली नाही."

घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं. पूर्ण नांव मिळेपर्यंत गोळी न देणें हें त्या मुलीचें काम होतें, आणि तें तिनें केलें नाहीं. ह्यांत पालट होत नाहीं. परंतु वडील चिरंजीवांनीं अर्ज उचलला आणि खिशांत घातला. चार दिवसांनीं त्यांनीं रुग्णालयास जें पत्र धाडलें, त्याची प्रत आम्हांस दाखविली. त्यांत घडलेली हकीकत आहे, मुलीनें आपण होऊन चूक सांगितली हें आहे, आजींनीं पूर्ण नांव सांगितलें नाहीं हेंही आहे. शेवटीं दोन मागण्या आहेत: एकाच आडनांवाचे दोन रुग्ण शेजारीं ठेवूं नयेत, आणि औषध देतांना हातावरील पट्टीशीं नांव ताडून पाहावें. मुलीस काढून टाकण्याची मागणी पत्रांत नाहीं. सूनबाईंनीं तें वाचून एवढेंच विचारलें, "दादा, त्या मुलीचं कौतुकही एका ओळीत लिहाल का?" ती ओळ त्यांनीं समासांत, आपल्या हातानें, लिहून दिली.